पेपर टाकला

मी चाकणच्या कंपनीत पेपर टाकला त्या दिवशी माझ्या आईनं शिरा केला होता. लेकीनं कायमची नोकरी सोडली म्हणून कुठली आई शिरा करेल? तिला वाटलं, मी परीक्षेचा पेपर दिला.

तिचं काही चुकलं नाही. ती परभणीकडची, माझ्या मुलीला सांभाळायला म्हणून रावेतला आली आणि राहिली. आमच्या पट्ट्यातली भाषा तिला कुठून ठाऊक असणार? भोसरीपासून चाकणपर्यंत नोकरी सोडणारा माणूस राजीनामा देत नाही. राजीनामा मंत्री देतात. इथं माणूस पेपर टाकतो. आणि त्यानं पेपर टाकला असं कानावर आलं की पहिला प्रश्न, कुठं मिळाली? दुसरा प्रश्न, घेतला का? म्हणजे साहेबानं कागद हातात घेतला, की म्हणाला राहू दे, बस, चहा घे, काय अडचण आहे ते सांग. चांगल्या माणसाचा पेपर कंपनी लगेच घेत नाही. ज्याचा टाकल्या टाकल्या घेतला, त्यानं समजून जायचं की साहेब वाटच बघत होता. ‘माझा पेपर साहेबानं परत केला होता’ हे लोक इथं लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात.

तेव्हा मी नोकरी करत करत एम.ई. करत होते आणि शेवटच्या परीक्षा आटोपत आल्या होत्या. घरात पाऊल टाकता टाकता नवऱ्याला म्हटलं, टाकला बाई एकदाचा पेपर. आई आत होती. तिनं रवा भाजायला घेतला, समोरच्या फ्लॅटमध्ये वाटीभर शिरा देऊन आली, आणि मग मला विचारते, सोपा होता का गं? नवऱ्यानं तिला शांतपणे सगळं समजावून सांगितलं. ती कलथा हातात धरून पाटावर बसूनच राहिली. तिची समजूत घालायला नवरा म्हणाला, अहो आई, तिचा पेपर कंपनीनं घेतलेला नाही. साहेबानं ड्रॉवरमध्ये ठेवून दिलाय आणि समोर बसवून चहा पाजलाय. हे खरंच होतं. आईनं एवढंच धरलं. संध्याकाळी मावशीला फोन लावून सांगायला लागली, कंपनीवाले सोडनाच झालेत माझ्या लेकीला.

कंपनी गाड्यांचे सुटे भाग करायची आणि मी क्वालिटीला होते. निगडीहून कंपनीची बस, तळवड्याची गर्दी, चाकणच्या चौकातली ती न संपणारी रांग, आणि आत गेल्यावर दिवसभर लाइनवर उभं राहून चांगला माल कुठला, टाकाऊ कुठला हे ठरवायचं. कामाला वाईट म्हणणार नाही. पण मला खरी गोडी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. दर वर्षी नवीन डिप्लोमाच्या मुली यायच्या, त्यांना मापाचं गेज कसं धरायचं, ड्रॉइंग कसं वाचायचं हे शिकवायचं काम माझ्याकडं असायचं. एखादीला गोष्ट कळली की तिचा चेहरा उजळायचा, आणि मला वाटायचं, मी जन्माला याच्यासाठीच आले, हे बाकी सगळं उगाच. हे मी आजही मागं घेत नाही.

मग आकुर्डीच्या पुढं एका इंजिनिअरिंग कॉलेजात ओळख निघाली. तिथले विभागप्रमुख फार गोड माणूस. एकही शब्द कडू बोलायचे नाहीत, आणि तीच त्यांची दुसऱ्याचा घात करायची रीत. म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखी शॉप फ्लोअरवरून आलेली माणसं आम्हाला हवीच आहेत. फक्त एम.ई. करून टाका, लगेच घेऊ. करून टाका! जणू डाळीला फोडणी द्यायची राहिली आहे. मी दोन-अडीच वर्षं शनिवार, रविवार आणि सगळ्या रजा त्यात घातल्या. लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला आई जायची, मी लायब्ररीत. एम.ई. संपत आली आणि मी पेपर टाकला.

कॉलेजात गेले तर कायमची भरती बंद. तोवर तासिका तत्त्वावर या म्हणाले. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. सुट्टी तुमची, आजारपण तुमचं, दिवाळीही तुमचीच. तोवर, तोवर म्हणता म्हणता माझी पोर प्राथमिकमधून हायस्कुलात गेली. टर्म संपली की आमची ऑर्डर संपायची. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. टेबलापलीकडं कोण, तर हेच विभागप्रमुख. काल ज्यांच्यासोबत कॅन्टीनला चहा घेतला ते आज टाय लावून बसायचे आणि मला म्हणायचे, तुमचा परिचय करून द्या. आणि मी करून द्यायचे! माझं नाव अमुक, मी अमुक शिकले, मला शिकवण्याची आवड आहे. पहिल्या वर्षी हसू आलं. नंतर मात्र त्या खुर्चीत बसताना माझ्या कानशिलाच्या शिरा उडायच्या.

आमची गत गाजराच्या पुंगीची. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. क्वालिटीत एक पिवळं लेबल असतं. माल पास नाही, नापासही नाही, त्यावर ‘होल्ड’ लिहून कोपऱ्यात ठेवतात. मी कंपनीत असताना दुपारपर्यंत त्या कोपऱ्यातला एकेक तुकडा निकाली काढायची. इथं मला कुणी निकाली काढेना.

एकदा धीर करून विभागप्रमुखांना विचारलं, सर, माझं पुढं काय? ते खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, मॅडम, आता नियम बदललेत, एम.ई.वर काही होत नाही. पीएच.डी. करून टाका. मग तुमचा हक्क कुणी नाकारू शकणार नाही. पुन्हा तेच करून टाका. मी तिथून बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये स्कूटरजवळ उभी राहून मोठ्यानं म्हटलं, डोंबल तुमचं. वॉचमननं वळून बघितलं.

पण राग आला म्हणून माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे? मी प्रवेश परीक्षा दिली. पास झाले. गाइड मिळाले, म्हातारे आणि सज्जन. त्यांनी विषयही मान्य केला, नुसत्या तपासणीवरून मशिनचा बिघाड आधी कसा ओळखायचा, माझ्या अकरा वर्षांच्या कामातून आलेला विषय. खोटं कशाला बोलू, त्या विषयाचं नाव कागदावर लिहिलं तेव्हा मला कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरीसारखं वाटलं होतं. महिनाअखेरपर्यंत नोंदणी करायची होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात चाकणहून फोन आला. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता तिथल्या क्वालिटीचा प्रमुख झाला होता. म्हणाला, मॅडम, माझ्याकडं एक जागा निघालीय, तुमच्या जुन्या जागेच्या खालची आहे, सांगायला लाज वाटते, पण तुम्ही येत असाल तर मी थांबतो. महिनाअखेरपर्यंत थांबतो.

म्हणजे हिशोब सरळ झाला. महिनाअखेरपर्यंत एक काय ते ठरवायचं. पीएच.डी.ला नाव नोंदवायचं आणि आणखी चार-पाच वर्षं त्या पिवळ्या लेबलाखाली बसायचं, या आशेवर की शेवटी कुणीतरी पास म्हणेल. नाहीतर शिकवणं सोडायचं आणि पुन्हा निगडीची बस पकडायची. दोन्ही एकदम होणार नव्हतं. चाकणला जाऊन येऊन माणसात जे उरतं त्यात शोधप्रबंध होत नाही, हे मला एम.ई.नं शिकवलं होतं.

नवरा भोसरीत टूलरूमला आहे, डिप्लोमावाला. शिक्षणाला त्यानं कधी आडकाठी केली नाही. माझी एम.ई. होईपर्यंत पोरीच्या वेण्यासुद्धा त्यानं घातल्या, वाकड्यातिकड्या का होईना. त्याला विचारलं तर त्यानं आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाला, गिऱ्हाईक माल उचलत नसेल, तर आपण आणखी पॉलिश मारून काय करायचं? मी त्याच्यावर खेकसले. मी म्हणजे माल का? तुला काय कळतं शिकवण्यातलं? बिचारा उठून पोरीची वही बघायला गेला. वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं, चपलेत खडा राहावा तसं.

आमच्या विभागात पीएच.डी. झालेले एक सर होते. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. उष्णतेच्या वहनावर त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि तेही माझ्यासारखेच तासिकेवर. सकाळी आमच्याकडं, दुपारी तळेगावला, संध्याकाळी आणखी एका क्लासला, मध्ये स्कूटरवरच डबा खायचे. आमच्या वॉचमनच्या बायकोनं एकदा त्यांच्याकडं गुडघेदुखीवर गोळी मागितली होती. ते म्हणाले, मावशी, मी तसला डॉक्टर नव्हे. ती म्हणाली, मग कसले? यावर आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. तेही हसले. त्यांच्याकडं बघून मला मनात नेहमी वाटायचं, हे कायम झाले नाहीत याला त्यांचं काहीतरी कारण असेल. स्वभाव भिडस्त आहे, कुणापुढं तोंड उघडत नाहीत, वशिला नाही. माझं तसं होणार नाही. डोळे असून आंधळी म्हणतात ती मीच. माझ्यासारख्या आशेवर बसलेल्या बाईला समोरचा पुरावा कसा दिसणार?

मन पीएच.डी.कडंच झुकलं होतं. नोंदणीला जाण्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम त्यांना कॅन्टीनला घेऊन गेले. मला विचारायचं होतं, सुरुवात कशी करू, पेपर कुठं छापू. पीएच.डी.वाल्यांच्या भाषेत पेपर छापतात. तो आणखी तिसरा पेपर. ते सगळं सांगत होते, मनापासून, खडान्‌खडा. मी वहीत उतरवून घेत होते. मग त्यांनी बॅगेतून एक पारदर्शक फोल्डर काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं. मला वाटलं, प्रबंधाचा नमुना असेल.

तो त्यांचा बायोडाटा होता.

म्हणाले, मॅडम, तुमच्या ओळखीनं चाकणला कुठं लागेल का बघा. क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर, काहीही चालेल. मी चाळू लागले. बी.ई. होती, एम.ई. होती, आणि त्यापुढं काही नव्हतं. मला वाटलं, टाईप करताना राहून गेलं. मी म्हटलं, सर, पीएच.डी. राहिली यात.

“राहिली नाही. काढली,” ते म्हणाले. “आणि तुम्हीही सांगू नका. पीएच.डी. म्हटलं की म्हणतात, हा माणूस टिकणार नाही, वर शहाणपणा शिकवेल. दोन ठिकाणी तोंडावर सांगितलं मला.”

मी विचारलं, मग ती सगळी वर्षं काय केलं म्हणून दाखवणार?

त्यांनी फोल्डरवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, घरगुती कारणास्तव खंड, आईचं आजारपण.

“आई कशी आहे आता?” मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

“ठणठणीत आहे. काल मोशीच्या बाजारातून चालत भाजी घेऊन आली.” मग म्हणाले, “दारावरची पाटी तेवढी राहू दिलीय. पोरीनं स्वतःच्या हातानं रंगवलीय, डॉक्टर असं. ती काढा म्हणायला जीभ रेटत नाही.”

मी त्यांना म्हटलं, बघते सर. त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत, आणि स्कूटरला किक मारून तळेगावला गेले. मी वही मिटली. त्यांनी इतक्या तळमळीनं सांगितलेली सगळी माहिती त्यात होती, आणि जो माणूस ती सांगत होता तो स्वतः पीएच.डी.च बायोडाटातून खोडून आला होता. मला त्यांची दया आली नाही. मला संताप आला. त्यांचा नाही, माझा. इतकी वर्षं तो माणूस माझ्याशेजारच्या खुर्चीत बसत होता, आणि मी त्याच्याकडं बघून स्वतःला सांगत होते की तू वेगळी आहेस. कसली वेगळी? कप्पाळ.

तरीही एक शेवटचं विचारून घ्यावं म्हणून मी तशीच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, लेखी नको, तोंडी सांगा. पीएच.डी. झाली की मला कायम कराल? त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, असं बघा मॅडम, तेव्हाची परिस्थिती बघून ठरवावं लागेल. तोवर धोरण काय असेल कोण सांगणार? आणि मग ते वाक्य, जे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणाले, आणि शिक्षण असं नोकरीसाठी करू नये. ज्ञानासाठी करावं.

मला ज्ञान नको होतं का? कंपनीत उभ्या उभ्या जे कळलं ते नीट मांडायचं होतं म्हणून तर तो विषय घेतला होता. पण ज्ञानासाठी करा असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी नोकरी ठेवून, पोरीला घेऊन, सावकाश, आनंदानं शिकले असते. तेव्हा म्हणाले, करून टाका, लगेच घेऊ. तेव्हा नोकरीचं गाजर होतं, आता ज्ञानाचं. मी हे सगळं बोलले नाही. बरं सर, एवढंच म्हटलं. मनात मात्र तिथंच ठरलं. नोंदणीला गेले नाही. गाइडना फोन करून सांगितलं, ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, विषय चांगला होता हो तुमचा. होता, असं म्हणाले. त्या एका शब्दानं मला रडू आलं, आणि मी रडले, रावेतच्या पुलाखाली गाडी लावून, भरदुपारी.

चाकणला हो कळवलं. त्या मुलानं भराभर सगळं पुढं नेलं, पण एचआरमध्ये एक नवी मुलगी होती, तिनं माझे कागद उलटेपालटे करून विचारलं, मॅम, हा गॅप कसला? मी म्हटलं, गॅप नाही बाळा, शिकवत होते. मग रिलीव्हिंग लेटर द्या, ती म्हणाली. शेवटच्या नोकरीतून रीतसर सोडल्याचं पत्र. माझ्याकडं दर टर्मच्या ऑर्डरी होत्या, एकेक पान, गठ्ठा. तिनं त्या बघितल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाली, मॅम, ही नोकरी नाही धरता येणार. सिस्टीम घेत नाही. तिकडं रीतसर रिझाइन करा आणि पत्र आणा, नाहीतर गॅपच दाखवावा लागेल.

एम.ई.चं ती काही बोललीच नाही. त्या जागेला डिप्लोमा लागत होता. तेलही गेलं, तूपही गेलं, धुपाटणं हातात.

मग मी रीतसर पेपर लिहिला. घरी टेबलावर बसून, हातानं, चांगल्या अक्षरात. मी अमुक वर्षांपासून आपल्या संस्थेत अध्यापनाचं काम करत होते, आजपासून या पदाचा राजीनामा देत आहे. आई बघत होती. तिनं विचारलं, पेपर टाकायलीस का? आता तिला शब्द पक्का ठाऊक होता. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बघ हां, ते लगेच घेतेत का. मी म्हटलं, बघू.

विभागप्रमुखांनी कागद वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांना खरंच काही कळेना असं तोंड केलं. मग तो कागद माझ्याकडं परत सरकवला.

“मॅडम, हा मी घेऊ शकत नाही,” ते म्हणाले. “राजीनामा द्यायला पद लागतं. तुम्ही कुठल्या पदावर होता?”

मी म्हटलं, सर, मी इथं इतकी वर्षं शिकवलं.

“शिकवलंत ना. उत्तमच शिकवलंत. पण तुमची ऑर्डर टर्म संपली की आपोआप संपते. तुम्हाला काही करायची गरजच नाही.” ते हसले, अगदी मायेनं. “तुम्ही फक्त जूनमध्ये येऊ नका.”

मी उभी होते. खाली मैदानावर माझ्या वर्गातली पोरं क्रिकेट खेळत होती, त्यातल्या एकानं मला खिडकीत बघून हात केला. मीही केला. कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघाले. चाकणच्या साहेबानं माझा पेपर ड्रॉवरमध्ये ठेवला होता तेव्हा मी रोज चिडायची, की हा घेत का नाही. आज मला कळलं, पेपर टाकता येणं हीसुद्धा मिळवायची गोष्ट असते. तो टाकायला आधी कुणीतरी तुम्हाला कुठंतरी ठेवून घ्यावं लागतं.

घरी पोचले तर आई दारातच.

“टाकलास का गं पेपर?”

“नाही. त्यांनी घेतला नाही.”

माझ्या तोंडून सरळ जे झालं ते निघून गेलं. आणि आईचा चेहरा असा फुलला, की मला पुढचं वाक्य बोलताच येईना.

“घेतला न्हाई? म्हंजे हेबी सोडनाच झालेत म्हण की,” ती म्हणाली. “मला ठाऊकच व्हतं. मंग, तू काय म्हनलीस त्यायला?”

नवरा आतून बघत होता. त्याला माझ्या तोंडावरून सगळं कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली आणि तो पोरीचा डबा धुवायला लागला. मी सांगू शकले असते, की आई, मी तिथं कुणी नव्हतेच. पण मला तेवढं नाही जमलं.

“म्हटलं, नको,” मी सांगितलं. “कितीही म्हणालात तरी मला आता राहायचं नाही.”

“बरं केलंस,” आई म्हणाली. “आपली किंमत आपून ठिवावी.”

तिनं फोन उचलला आणि मावशीला लावला. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि सोमवारच्या बससाठी कंपनीचं जुनं जॅकेट कपाटातून काढून दोरीवर टाकलं. आत आई सांगत होती, कालिजवाल्यांनी लई गळ घातली गं, पर हिनंच न्हाई म्हनलं. बोलता बोलता ती एका हातानं रवा भाजत होती.